चाचणी आवृत्तीच्या मर्यादांचे संरक्षण

चाचणी आवृत्तीच्या मर्यादांचे संरक्षण म्हणजे एखाद्या सॉफ्टवेअरच्या मोफत किंवा चाचणीसाठी दिलेल्या आवृत्तीवर घातलेली मुदतीची, सुविधांची अथवा वापराच्या प्रमाणाची मर्यादा वापरकर्त्याने मोबदला न देता चुकवू नये, यासाठी विकसकांनी योजलेल्या तांत्रिक, व्यापारी, मानसशास्त्रीय व कायदेशीर उपायांचा समूह होय. संगणकावर उतरवून घ्यावयाच्या सॉफ्टवेअरपासून आंतरजालावरून चालणाऱ्या सेवांपर्यंत सर्वत्र हे उपाय आढळतात.

प्रतिलिपी-संरक्षणापेक्षा हा विषय काहीसा वेगळा आहे. प्रतिलिपी-संरक्षणाचा हेतू प्रत होऊ न देणे हा असतो. चाचणी आवृत्तीच्या प्रती मात्र जितक्या पसरतील तितक्या विकसकाला हव्याच असतात. त्यांचा प्रसार हीच त्याची जाहिरात असते. एकच फाइल मुक्तपणे वाटावयाची आणि तिचा उपयोग मात्र ठरावीक मर्यादेतच होऊ द्यावयाचा, या दोन परस्परविरोधी गरजांतून या क्षेत्रातील बहुतेक पद्धती घडल्या आहेत.

## मर्यादांचे प्रकार

मोफत आवृत्तीवर घातल्या जाणाऱ्या मर्यादा स्थूलमानाने पुढील प्रकारांत मोडतात :

* मुदतीची मर्यादा – ठरावीक दिवसांनंतर सॉफ्टवेअर बंद पडते अथवा नोंदणीची आठवण करून देते. 'विनरार' या फाइल-संक्षेपक सॉफ्टवेअरची चाचणीमुदत ४० दिवसांची आहे.
* सुविधांची मर्यादा – काही कामे करता येत नाहीत. उदाहरणार्थ, तयार केलेली फाइल साठवता किंवा छापता येत नाही.
* प्रमाणाची मर्यादा – साठवणुकीची जागा, वापरकर्त्यांची संख्या किंवा वेळ मोजून दिली जाते. 'झूम' या सेवेच्या मोफत खात्यावरील गटबैठक ४० मिनिटांनंतर संपते.
* आशयाची मर्यादा – खेळाचा अथवा शिक्षणक्रमाचा पहिला भाग मोफत आणि पुढील भाग विकत असतो.
* खुणेची मर्यादा – तयार होणाऱ्या चित्रावर, चित्रफितीवर किंवा छापील कागदावर सॉफ्टवेअरची खूण उमटते.

## मूळ अडचण

वापरकर्त्याच्या संगणकावर चालणारे सॉफ्टवेअर पूर्णपणे वापरकर्त्याच्या ताब्यात असते. परवाना तपासणारी आज्ञा, मुदत मोजणारी नोंद आणि अडवून धरलेली सुविधा हे सर्व त्याच संगणकाच्या स्मृतीत व तबकडीवर साठवलेले असते. पुरेसे कौशल्य आणि वेळ असलेली व्यक्ती प्रोसेसरला दिल्या जाणाऱ्या आज्ञा एकामागून एक वाचू शकते, तपासणीची जागा शोधू शकते आणि तेथील निर्णय उलटवू शकते. कुलूप आणि किल्ली दोन्ही एकाच घरात ठेवावी लागावीत, अशी ही स्थिती आहे.

याला आणखी एक बाब जोडली जाते. बहुतेक वापरकर्त्यांना असे फेरफार करता येत नाहीत. पण एकाने केलेला फेरफार, ज्याला बोलीत 'क्रॅक' म्हणतात, इतर सर्वांना आयता मिळू शकतो. त्यामुळे संरक्षणाची कसोटी सरासरी वापरकर्त्याच्या कौशल्यावर लागत नाही. ती सर्वांत कुशल व्यक्तीच्या चिकाटीवर लागते. याच कारणामुळे वापरकर्त्याच्या संगणकावरच विसंबून असलेले कोणतेही संरक्षण कायमचे अभेद्य ठरत नाही. अनुभवी विकसक म्हणूनच 'चुकवणे अशक्य करणे' हे उद्दिष्ट ठेवत नाहीत. चुकवणे कष्टाचे व धोक्याचे व्हावे आणि पैसे भरणे सोपे व्हावे, एवढेच मर्यादित उद्दिष्ट ते ठेवतात.

## इतिहास

### पूर्वपीठिका

सॉफ्टवेअरचा मोबदला मिळण्याचा प्रश्न वैयक्तिक संगणकाइतकाच जुना आहे. ३ फेब्रुवारी १९७६ रोजी बिल गेट्स यांनी छंद म्हणून संगणक वापरणाऱ्यांना उद्देशून एक खुले पत्र लिहिले. 'अल्टेअर' संगणकाच्या मालकांपैकी १० टक्क्यांहूनही कमी लोकांनी त्यांच्या कंपनीची बेसिक ही संगणक भाषा विकत घेतली आहे, अशी तक्रार त्यात होती. या पत्रावर मोठा वाद झाला. सॉफ्टवेअर ही वाटून घेण्याची गोष्ट आहे की विकण्याची, हा प्रश्न त्यातून उघडपणे पुढे आला.

१९८०च्या दशकात अनेक कंपन्यांनी प्रत होऊ न देणाऱ्या फ्लॉपी वापरल्या. 'लोटस १-२-३' या प्रसिद्ध कोष्टक-सॉफ्टवेअरच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांना मूळ 'किल्ली-फ्लॉपी' संगणकात असावी लागे. फ्लॉपी खराब झाली की पैसे भरलेल्या ग्राहकाचेही काम थांबे. ग्राहकांच्या, विशेषतः मोठ्या कार्यालयांच्या, नाराजीमुळे दशकाच्या उत्तरार्धात अशी संरक्षणे मागे पडली.

### शेअरवेअर

याच काळात नेमका उलटा मार्गही चोखाळला गेला. अमेरिकेत १९८२ साली अँड्र्यू फ्लूगेलमन यांनी 'पीसी-टॉक' आणि जिम नॉफ (टोपणनाव जिम बटन) यांनी 'पीसी-फाइल' हे सॉफ्टवेअर प्रती काढण्यास मोकळीक देऊन वितरित केले. आवडल्यास पैसे पाठवावेत, एवढीच विनंती त्यात होती. मायक्रोसॉफ्टचे एक आरंभीचे कर्मचारी बॉब वॉलेस यांनी १९८३ साली 'पीसी-राइट' हा शब्दसंस्कारक आणला आणि 'शेअरवेअर' हा शब्द रूढ केला. वॉलेस यांच्या योजनेत नोंदणी करणाऱ्याला स्वतःचा क्रमांक मिळे. त्या क्रमांकाची प्रत दुसऱ्याला दिली आणि त्यानेही नोंदणी केली, तर पहिल्या व्यक्तीला २५ डॉलरची दलाली मिळत असे. प्रत देणारा येथे चोर न राहता विक्रेता होत असे.

१९८७ साली शेअरवेअर व्यावसायिकांची संघटना स्थापन झाली. मोफत आवृत्तीतील सुविधा मुद्दाम कापून टाकण्यास या संघटनेच्या सुरुवातीच्या नियमांचा विरोध होता. ग्राहकाला पूर्ण वस्तू पारखता आली पाहिजे, ही त्यामागील भूमिका होती. पुढे केवळ विनंतीवर पुरेसे उत्पन्न मिळेना, तेव्हा मुदत व सुविधांच्या मर्यादा सर्वमान्य झाल्या.

### खेळांचे भागशः वितरण

१९८७ साली स्कॉट मिलर यांनी 'किंगडम ऑफ क्रोझ' या खेळाचा पहिला भाग मोफत ठेवून पुढील भाग विकण्याची पद्धत सुरू केली. त्यांच्या अपोजी कंपनीच्या नावाने ती ओळखली जाते. १० डिसेंबर १९९३ रोजी प्रकाशित झालेल्या 'डूम' या खेळानेही हीच वाट धरली : तीनपैकी पहिला भाग मोफत आणि उरलेले दोन विकत. मोफत आवृत्तीत पुढील भागांचा आशय समाविष्टच नसल्याने त्या फाइलमध्ये कितीही फेरफार केले तरी ते भाग मिळणे शक्य नव्हते. अर्थात, विकत घेतलेल्या पूर्ण आवृत्तीची कोणी प्रत काढली, तर तिच्यापुढे या उपायाचा इलाज नव्हता.

### ॲक्टिव्हेशन आणि सेवा

आंतरजालाच्या प्रसारानंतर परवान्याची तपासणी दूरच्या सर्व्हरवर करणे शक्य झाले. २००१ साली आलेल्या 'विंडोज एक्सपी'मध्ये ३० दिवसांच्या आत ॲक्टिव्हेशन करणे बहुतेक ग्राहकांना बंधनकारक होते. २०१३ साली अडोबी कंपनीने आपल्या प्रमुख सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या कायमस्वरूपी परवान्याऐवजी वर्गणीवर देण्याचा निर्णय जाहीर केला. त्यानंतरच्या काळात पुष्कळ सॉफ्टवेअर संगणकावर न उतरवता आंतरजाल-सेवा म्हणूनच दिले जाऊ लागले.

## पद्धती

### आठवण आणि विनंती

सर्वांत सौम्य पद्धत म्हणजे आठवण देणारी चौकट दाखवणे. 'टोटल कमांडर' या फाइल-व्यवस्थापकाची नोंदणी नसलेली आवृत्ती सुरू करताना १, २, ३ यांपैकी सांगितलेला अंक दाबावा लागतो. हा अंक दर वेळी बदलत असल्याने सवयीने कळ दाबून पुढे जाता येत नाही. क्षणभर थांबून मजकूर वाचावाच लागतो. 'सब्लाइम टेक्स्ट' या संपादकाच्या मूल्यमापनाला सक्तीची मुदत नाही, मात्र फाइल साठवताना अधूनमधून खरेदीची आठवण दिली जाते. 'विनरार'ही ४० दिवसांनंतर बंद न पडता केवळ आठवण देत राहते.

अशा सौजन्यामागे व्यापारी हिशेबही असतो. घरगुती वापरकर्त्याने पैसे भरले नाहीत तरी त्याच्या हाताला त्या सॉफ्टवेअरची सवय होते. तोच पुढे नोकरीच्या ठिकाणी त्याची मागणी करतो आणि कायदेशीर तपासणीला सामोरे जावे लागणाऱ्या कंपन्या परवाने विकत घेतात.

### मर्यादेची आखणी

मर्यादा कोणत्या जागी घातली आहे, यावरही तिचे टिकणे अवलंबून असते. सुविधा फाइलमध्ये ठेवून केवळ तिची कळ निष्क्रिय केली, तर ती पुन्हा सुरू करणे सोपे असते. त्या सुविधेची संकेतावली मोफत आवृत्तीतून वगळूनच टाकली, तर सुरू करण्यासारखे काही उरत नाही. यासाठी मोफत व सशुल्क अशा दोन वेगळ्या फाइल तयार कराव्या लागतात आणि पैसे भरल्यावर ग्राहकाला दुसरी फाइल उतरवून घ्यावी लागते.

शिकणाऱ्याला उपयोग व्हावा पण धंद्यात वापरता येऊ नये, अशीही आखणी करता येते. बंगळूरु येथील टॅली सोल्युशन्स कंपनीच्या लेखा-सॉफ्टवेअरची शैक्षणिक अवस्था हे त्याचे भारतात सर्वपरिचित उदाहरण आहे. या अवस्थेत जवळजवळ सर्व कामे शिकता येतात, परंतु व्यवहारांच्या नोंदी महिन्याच्या १, २ आणि ३१ अशा मोजक्याच तारखांना करता येतात. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला सरावासाठी एवढे पुरते. रोजची विक्री त्या त्या तारखेला नोंदवणे भाग असलेल्या दुकानदाराला मात्र पुरत नाही.

'ऑटोकॅड' या आरेखन-सॉफ्टवेअरच्या जुन्या विद्यार्थी-आवृत्त्यांत वेगळी युक्ती होती. त्यांत काढलेला आराखडा छापला की कडेला तो शैक्षणिक आवृत्तीत तयार झाल्याची ओळ उमटत असे. असा आराखडा व्यावसायिक आवृत्तीतील फाइलमध्ये मिसळला, तर ती खूण त्या फाइललाही चिकटत असे. त्यामुळे कार्यालये विद्यार्थी-आवृत्तीतील फाइल आपल्या कामात येऊ न देण्याची स्वतःच काळजी घेत.

### नोंदणी क्रमांक आणि अंकीय स्वाक्षरी

पैसे भरणाऱ्यास नोंदणी क्रमांक देण्याची पद्धत जुनी आहे. सुरुवातीच्या सॉफ्टवेअरमध्ये क्रमांकातील अंकांची ठरावीक बेरीज-वजाबाकी करून तो खरा की खोटा हे ठरवले जाई. मात्र हे सूत्र सॉफ्टवेअरमध्येच असल्याने ते शोधून हवे तितके खरे वाटणारे क्रमांक तयार करणारे छोटे प्रोग्रॅम बनवले जात. त्यांना 'कीजेन' म्हणतात.

यावर उपाय म्हणून अंकीय स्वाक्षरी वापरली जाते. तिच्यात किल्ल्यांची जोडी असते. खासगी किल्ली विकसकाकडेच राहते आणि तिने परवान्यावर स्वाक्षरी केली जाते. सार्वजनिक किल्ली सॉफ्टवेअरमध्ये असते आणि तिने स्वाक्षरी केवळ पडताळता येते, नव्याने करता येत नाही. ग्राहकाचे नाव, परवान्याचा प्रकार आणि मुदत स्वाक्षरीखाली बांधलेली असल्याने त्यांतील एकही अक्षर बदलले तरी पडताळणी अयशस्वी होते. या पद्धतीमुळे बनावट क्रमांक तयार करणे व्यवहारतः अशक्य होते. तरीही पडताळणीची आज्ञाच काढून टाकण्याचा मार्ग उरतो. म्हणजे स्वाक्षरीने परवान्याचे रक्षण होते, तपासणाऱ्या पहारेकऱ्याचे होत नाही.

ग्राहकाचे नाव परवान्यात घालण्याचा सामाजिक परिणामही होतो. स्वतःचे नाव सॉफ्टवेअरच्या पडद्यावर झळकत असेल, तर तो क्रमांक इतरांना वाटण्यास लोक कचरतात.

### मुदतीचे मोजमाप

चाचणीची मुदत मोजण्यासाठी सॉफ्टवेअर पहिल्या वापराची तारीख साठवून ठेवते. संगणकाचे घड्याळ मागे नेणे किंवा सॉफ्टवेअर काढून पुन्हा बसवणे, हे ती चुकवण्याचे सर्वांत प्राथमिक प्रयत्न असतात. त्यांना तोंड देण्यासाठी शेवटच्या वापराची वेळ नोंदवून घड्याळ तिच्या मागे गेल्यास हरकत घेणे, मुदतीऐवजी प्रत्यक्ष वापराचे दिवस मोजणे, नोंद एकापेक्षा अधिक ठिकाणी ठेवणे आणि आंतरजालावरून वेळ घेणे असे उपाय योजतात. सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे चाचणीची सुरुवात विकसकाच्या सर्व्हरवर खात्याच्या नावाने नोंदवणे. त्यातही नवा ई-मेल पत्ता घेऊन नवे खाते उघडण्याची वाट राहते. म्हणून काही सेवा मोबाइल क्रमांक किंवा बँक-कार्ड मागतात.

### ॲक्टिव्हेशन

ॲक्टिव्हेशनमध्ये संगणकाच्या घटकभागांवरून एक ओळख-क्रमांक काढला जातो आणि परवाना त्या ओळखीशी बांधला जातो. एकच परवाना अनेक संगणकांवर वापरला जात असल्यास ते सर्व्हरला समजते. घटकभाग बदलल्यास ओळखही बदलते. म्हणून काही भाग बदलूनही परवाना चालू राहील, इतकी सवलत तपासणीत ठेवावी लागते. ॲक्टिव्हेट न केलेले 'विंडोज १०' बंद पडत नाही. पडद्याच्या कोपऱ्यात सूचना दिसत राहते आणि पार्श्वचित्र व रंग बदलण्याच्या सोयी मिळत नाहीत.

### हार्डवेअर लॉक

महागड्या व्यावसायिक सॉफ्टवेअरसोबत संगणकाला जोडावयाचे एक छोटे उपकरण दिले जाई. त्याला हार्डवेअर लॉक किंवा डोंगल म्हणतात. पूर्वी ते प्रिंटरच्या जोडणीत बसवत, पुढे यूएसबी जोडणीत बसवू लागले. उपकरण न मिळाल्यास सॉफ्टवेअर चालत नाही किंवा मर्यादित स्वरूपात चालते. मराठी अक्षरजुळणीच्या व्यवसायात ही पद्धत परिचयाची आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक कंपनीचे 'श्री-लिपी' हे सॉफ्टवेअर अशा लॉकसह विकले जात असे. लॉक हरवला किंवा बिघडला की काम थांबते, हा या पद्धतीचा मोठा दोष होय.

### संकेतावली दुर्बोध करणे

तपासणीची जागा सापडू नये म्हणून सॉफ्टवेअरची संकेतावली मुद्दाम गुंतागुंतीची करतात, संकुचित व कूटबद्ध स्वरूपात साठवतात किंवा तपासण्या अनेक ठिकाणी विखुरतात. सॉफ्टवेअरमध्ये फेरफार झाला आहे का, हेही ते स्वतः तपासू शकते. या उपायांनी क्रॅक तयार होण्यास विलंब लागतो. परंतु अपायकारक सॉफ्टवेअरही स्वतःला लपवण्यासाठी हीच तंत्रे वापरत असल्याने विषाणूरोधक प्रणाली कधीकधी निरुपद्रवी सॉफ्टवेअरलाच अपायकारक ठरवतात. शिवाय सॉफ्टवेअरचा वेग मंदावू शकतो आणि दोष शोधणे विकसकालाही अवघड होते.

### सर्व्हरवरील अंमलबजावणी

महत्त्वाचे काम सर्व्हरवरच होत असेल, तर वापरकर्त्याच्या संगणकावरील फेरफाराने मर्यादा हटत नाही. 'झूम'ची वेळमर्यादा, 'ड्रॉपबॉक्स'च्या मोफत खात्यातील २ गीगाबाइट जागा किंवा 'स्लॅक'मध्ये २०२२पासून मोफत खात्यांना लागू झालेली ९० दिवसांच्या संदेशांची मर्यादा, या सर्व मर्यादा सर्व्हरवर राखल्या जातात. सर्व्हरनेच दिलेले नसेल ते मिळवता येत नाही, या अर्थाने 'डूम'मागील तत्त्वच येथे नव्या रूपात दिसते. मात्र त्यासाठी सतत आंतरजाल-जोडणी लागते, सर्व्हरचा खर्च विकसकाला कायम करावा लागतो आणि वापरकर्त्याची माहिती त्याच्या स्वतःच्या ताब्यात राहत नाही.

## मानसशास्त्रीय उपाय

काही विकसकांनी सक्तीऐवजी विनोदाचा आधार घेतला. अमेरिकेतील अ‍ॅम्ब्रोसिया सॉफ्टवेअर कंपनीच्या 'एस्केप व्हेलॉसिटी' (१९९६) या अंतराळ-खेळात कॅप्टन हेक्टर नावाचे पात्र होते. हे नाव कंपनीच्या प्रमुखाच्या पोपटावरून ठेवलेले होते. चाचणीच्या ३० दिवसांत हेक्टर खेळाडूला नोंदणीची आठवण करून देई. त्यानंतर मात्र तिचे यान खेळाडूच्या यानावर हल्ला करू लागे. खेळ बंद पडत नसे, पण खेळणे कठीण होत असे.

२०१३ साली ग्रीनहार्ट गेम्स या छोट्या कंपनीने आपल्या 'गेम डेव्ह टायकून' या खेळाची एक बदललेली आवृत्ती स्वतःच अनधिकृत वितरणस्थळी ठेवली. या खेळात खेळाडू संगणक-खेळांची कंपनी चालवतो. बदललेल्या आवृत्तीत खेळाडूच्या कंपनीचे खेळ लोक फुकट घेऊ लागत आणि ती कंपनी हळूहळू दिवाळखोरीत जाई. पहिल्या दिवसाच्या आकडेवारीनुसार खेळ सुरू करणाऱ्या ३,३१८ जणांपैकी ३,१०४ जण, म्हणजे सुमारे ९३.६ टक्के, अनधिकृत आवृत्ती खेळत होते. विकत घेणारे केवळ २१४ होते.

## आर्थिक बाजू

मर्यादा चुकवणारा प्रत्येक जण हा गमावलेला ग्राहक असतोच असे नाही. त्यांपैकी अनेकांनी, मार्ग बंद झाला असता तरी, सॉफ्टवेअर विकत घेतले नसते. काहींनी दुसरे मोफत सॉफ्टवेअर निवडले असते. म्हणून चुकवणाऱ्यांची संख्या आणि किंमत यांचा गुणाकार म्हणजे विकसकाचे नुकसान, असे मानता येत नाही. संरक्षणाचा खरा उपयोग दोन टोकांच्या मध्ये असलेल्या वापरकर्त्यांवर होतो : जे थोडी गैरसोय झाल्यास पैसे भरतील, पण मार्ग अगदीच मोकळा असल्यास भरणार नाहीत.

दुसऱ्या बाजूला संरक्षणाचा खर्चही असतो. समजा, एखाद्या सॉफ्टवेअरचे १०,००० ग्राहक आहेत आणि परवान्याची तपासणी दर १,००० ग्राहकांपैकी ५ जणांच्या बाबतीत चुकते. अशा वेळी पैसे भरलेले ५० ग्राहक अडून राहतात. त्यांच्या तक्रारींना उत्तरे देण्यात एकट्या विकसकाचे कित्येक दिवस जाऊ शकतात आणि त्याचे नावही खराब होते. यामुळे लहान विकसक सहसा साधी पण स्वाक्षरीयुक्त परवाना-पद्धत निवडतात आणि उरलेला वेळ सॉफ्टवेअर सुधारण्यात घालवतात. वारंवार अद्ययावत आवृत्त्या देणे हाही एक प्रकारचा प्रतिबंधच असतो. कारण जुन्या आवृत्तीसाठी केलेला क्रॅक नव्या आवृत्तीला सहसा चालत नाही. किंमत प्रदेशानुसार ठरवणे, विद्यार्थ्यांना सवलत देणे आणि पैसे भरण्याची पद्धत सुलभ ठेवणे या उपायांनी चुकवण्याचे कारणच कमी होते.

वापरकर्त्याच्या बाजूनेही हिशेब असतो. क्रॅक आणि कीजेन यांसोबत अपायकारक सॉफ्टवेअर पसरवले जाण्याचा धोका मोठा असतो. ते चालवण्यासाठी विषाणूरोधक प्रणाली बंद करावयास सांगितले जाते आणि त्यामुळे वापरकर्ता पूर्ण असुरक्षित होतो.

## टीका

या उपायांवरील मुख्य आक्षेप असा, की त्यांचा त्रास अनेकदा प्रामाणिक ग्राहकालाच होतो. क्रॅक वापरणाऱ्याच्या आवृत्तीतून तपासणी काढून टाकलेली असते. पैसे भरणाऱ्याला मात्र ती दर वेळी सोसावी लागते. ऑगस्ट २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या पडताळणी-सर्व्हरमधील बिघाडामुळे सुमारे १९ तास विंडोजच्या काही अस्सल प्रती बनावट ठरवल्या गेल्या. बाधित संगणकांची संख्या १२,०००पेक्षा कमी असल्याचे कंपनीने सांगितले. तरीही केंद्रीय तपासणीतील एका चुकीचा फटका एकाच वेळी किती जणांना बसू शकतो, हे त्यातून दिसले.

दुसरा आक्षेप दीर्घकालीन उपलब्धतेचा आहे. अ‍ॅम्ब्रोसिया कंपनीने पुढे मुदतबंद परवाना-क्रमांक वापरण्यास सुरुवात केली होती. जुना क्रमांक नव्या संगणकावर टाकण्यापूर्वी तो कंपनीकडून नूतनीकृत करून घ्यावा लागे. २०१९ साली कंपनीचे संकेतस्थळ बंद पडले आणि पैसे भरलेल्या ग्राहकांनाही हे नूतनीकरण मिळेनासे झाले. याउलट अडोबीने 'क्रिएटिव्ह सूट २'चा ॲक्टिव्हेशन सर्व्हर बंद करताना जुन्या ग्राहकांसाठी ॲक्टिव्हेशनची गरज नसलेली आवृत्ती उपलब्ध केली. सर्व्हर बंद करण्यापूर्वी असे निरोपाचे अद्यतन देणे ही विकसकाची नैतिक जबाबदारी मानावी, असे सॉफ्टवेअर-जतनाचे पुरस्कर्ते म्हणतात.

तिसरा आक्षेप खासगीपणाचा आहे. संगणकाची ओळख काढण्यासाठी गोळा केलेली माहिती कोणती, ती किती काळ साठवली जाते आणि तिचा आणखी कशासाठी वापर होतो, हे ग्राहकाला क्वचितच स्पष्टपणे सांगितले जाते. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे समर्थक तर वापरकर्त्याच्या संगणकावर वापरकर्त्याविरुद्ध काम करणारी यंत्रणा असणेच अमान्य करतात.

## कायदेशीर बाजू

जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या १९९६च्या प्रताधिकार कराराच्या ११व्या अनुच्छेदानुसार तांत्रिक संरक्षण-उपाय चुकवण्याविरुद्ध पुरेसे कायदेशीर संरक्षण देणे सदस्य देशांवर बंधनकारक आहे. अमेरिकेत १९९८च्या डिजिटल मिलेनियम प्रताधिकार कायद्याने ही तरतूद केली.

भारतात संगणक आज्ञावलींना 'प्रताधिकार अधिनियम, १९५७' अन्वये साहित्यकृती म्हणून संरक्षण मिळते. त्यातील पुढील कलमे या विषयाशी संबंधित आहेत :

* कलम ६३-ब – आज्ञावलीची उल्लंघनकारी प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरल्यास किमान ७ दिवस ते कमाल ३ वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. वापर आर्थिक लाभासाठी किंवा व्यापारासाठी नसल्यास न्यायालय कारावास न देता ५० हजार रुपयांपर्यंत दंड करू शकते.
* कलम ६५-अ – २०१२च्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या या कलमानुसार, प्रताधिकाराचे उल्लंघन करण्याच्या हेतूने परिणामकारक तांत्रिक उपाय चुकवणाऱ्यास २ वर्षांपर्यंत कारावास आणि दंड होऊ शकतो. कूटलेखनविषयक संशोधन, कायदेशीर तपास यांसारख्या काही कृती यातून वगळल्या आहेत.
* कलम ५२ – कायदेशीरपणे मिळवलेल्या आज्ञावलीची सुरक्षित प्रत ठेवणे, तिच्यामागील तत्त्वे समजून घेण्यासाठी तिच्या कार्याचे निरीक्षण व अभ्यास करणे आणि इतर आज्ञावलींशी तिचा मेळ घालण्यासाठी आवश्यक माहिती मिळवणे, या कृती विहित अटींवर उल्लंघन मानल्या जात नाहीत.

भारतीय कायद्यात उल्लंघनाच्या हेतूला महत्त्व दिलेले आहे. सॉफ्टवेअरच्या रचनेचा अभ्यास आणि मोबदला बुडवण्यासाठी केलेला फेरफार यांत त्यामुळे फरक केला जातो. चाचणी आवृत्तीच्या बाबतीत परवाना-करारातील अटींनाही महत्त्व असते : मोफत मिळालेली प्रत करारात सांगितलेल्या मुदतीपुरती आणि हेतूपुरतीच वैध असते. घरी वापरण्यास मोफत असलेले सॉफ्टवेअर कार्यालयात वापरणे हे, एकही कुलूप तोडलेले नसताना, कराराचे उल्लंघन ठरू शकते.

## हे सुद्धा पहा

* शेअरवेअर
* मुक्त सॉफ्टवेअर
* प्रताधिकार
* अंकीय स्वाक्षरी
* सॉफ्टवेअर परवाना